मी काळा केलेला डोळा

गिऱ्हाइकाला फोटो हवा असतो, पण त्यात आपलं तोंड नको असतं. जामसंड्याला स्टुडिओ टाकल्यावर ही गोष्ट मला आठ दिवसांत कळली आणि पुढची तीस वर्षं मी तिच्यावरच जगलो. एका गृहस्थांच्या नाकावर वाटाण्याएवढा मस होता. फोटो हातात घेऊन ते म्हणाले, "ह्यो कोण?" मी म्हटलं, "तुमीच." तर म्हणतात, "माझ्या नाकार मस खंय आसा?" अहो, मस घेऊनच समोर उभे होते! मी निमूट आत गेलो, मस काढला आणि फोटो दिला. "आता कसो माझो दिसता," म्हणत खूश होऊन गेले.

दुसरी एक बाई गेलेल्या नवऱ्याचा एकुलता एक फोटो घेऊन आली. त्यात तो उघड्या अंगानं आंब्याच्या पेटीवर बसलेला. "ह्यांका कोट घाला," म्हणाली, "जिते असताना कधी घातल्यानी नाय." मी ब्रशनं कोट घातला, टाय बांधला. ती बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "खिशाक पेन नाय?" नवरा निरक्षर होता. तरी मी पेन लावलं.

ज्यांनी मोबाइलवरच फोटो काढले त्यांच्यासाठी सांगतो, हे कसं चालायचं. फिल्म धुतली की निगेटिव्ह मिळे. त्यात सगळं उलटं, पांढरं ते काळं आणि काळं ते पांढरं. त्यातून उजेड सोडून कागदावर छापायचं, की माणूस सुलटा होतो. चेहऱ्यावरचा काळा डाग घालवायचा तर निगेटिव्हवर पेन्सिल फिरवायची. छापलेल्या फोटोवर पांढरा ठिपका आला असेल, तर दोन केसांच्या ब्रशनं त्यावर काळा रंग टेकवायचा. याला आम्ही रिटचिंग म्हणायचो. देवगड-जामसंड्यात माझ्यासारखा हात दुसऱ्या कोणाचा नव्हता. हे मी सांगत नाही, लोक सांगत. बरं, मीही सांगत असे.

याच हातानं मी एका मुलीला जवळजवळ मारलं होतं. बाकीचे किस्से मी चहा पिता पिता कोणालाही सांगतो. हा एक आजवर लिहिला नव्हता.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. नवा जिल्हा होऊन थोडीच वर्षं झाली होती, ओरोसच्या जिल्हा कचेऱ्यांत नोकऱ्या निघत आणि अर्जाला चिकटवायच्या फोटोंसाठी पोरं माझ्या दारात रांग लावत. त्यात एक दिवस जामसंड्यापासून थोडं आत असलेल्या गावातले एक शिक्षक आले. त्यांना सगळे मास्तरच म्हणत. त्यांच्या मुलीचा, वर्षाचा, पहिला वाढदिवस होता आणि घरी सत्यनारायण होता. मी कॅमेरा आणि फ्लॅश घेऊन गेलो.

पूजा माजघरात होती. दिवसाढवळ्यासुद्धा तिथं समईच्या उजेडाचाच आधार. मी भिंगाला लागूनच फ्लॅश जोडला आणि मुलीला आईच्या मांडीवर बसवून चार फोटो काढले. आईचं नाव सुलभा. पोर गोड होती, फ्लॅश उडाला की टाळ्या पिटायची.

फोटो छापले तेव्हा दोन फोटोंत वर्षाच्या डाव्या डोळ्याच्या बाहुलीत पांढरा ठिपका दिसला. मला त्याचं काहीच वाटलं नाही. अंधाऱ्या खोलीत फ्लॅश भिंगाजवळ असला की बाहुलीत फिकट झाक येतेच. प्रत्येक फोटोवाला ती ब्रशनं काळी करतो, विचारसुद्धा करत नाही. हा ठिपका जरा जास्तच पांढराशुभ्र होता, तर मी जरा जास्त रंग लावला. कोणाच्या बापाला कळलं नसतं, इतकं सफाईचं काम झालं होतं.

फोटो न्यायला सुलभा स्वतः आली. एकेक फोटो तिनं उजेडाकडे धरून बघितला.

"भाईनू," ती म्हणाली, "हिचो डावो डोळो असोच इलो?"

"मगे कसो येतलो?" मी हसून म्हटलं. "आवशीसारखे डोळे आसत चेडवाचे. फ्रेम करून लाव."

तिला आणखी काही विचारायचं होतं. ओठापर्यंत आलेलं तिनं गिळलं, हे मला दिसलं. पण दुकानात चार माणसं उभी होती आणि मी माझ्या तारिफेच्या नादात होतो. ती गेली.

तीन महिन्यांनी त्याच घरात मास्तरांच्या बहिणीचा साखरपुडा झाला. मी पुन्हा गेलो, पुन्हा तेच माजघर. दुसऱ्या दिवशी सकाळी डार्करूममध्ये निगेटिव्ह उजेडावर धरली तर पोरांच्या फोटोत एकीच्या बाहुलीत काळा ठिपका. निगेटिव्हमध्ये काळा, म्हणजे फोटोत पांढरा. "आवशीक खाव ह्या फ्लॅशच्या!" म्हणून मी चरफडलो. नवीनच घेतला होता.

ब्रश हातात घेतला आणि थांबलो. का थांबलो, ते आजही नीट सांगता येत नाही. एका ओळीत पाच पोरं बसली होती. फ्लॅश एकच, उडाला एकदाच. मग ठिपका एकट्या वर्षालाच कसा? दुसऱ्या फोटोत तीच मुलगी उजवीकडच्या टोकाला होती. तिथंही ठिपका, तिथंही डावाच डोळा. मी वाढदिवसाची जुनी निगेटिव्ह शोधून काढली. फोटोवर मी रंग लावला होता, निगेटिव्हला हात लावला नव्हता. तिच्यातही तोच डोळा. फ्लॅशला काय माणसं ओळखता येतात?

ठिपक्याचे चारही फोटो, दोन वाढदिवसाचे आणि दोन साखरपुड्याचे, मी नव्यानं छापले, ब्रश न लावता. देवगडला दर गुरुवारी एका औषधाच्या दुकानामागच्या खोलीत डोळ्यांचे डॉक्टर बसत. घाटावरचे होते, माझा चष्मा त्यांच्याकडचाच. सुदैवानं त्या दिवशी गुरुवार होता. डॉक्टर चहा पीत होते. पहिला फोटो बघितला आणि कप खाली ठेवला.

"ही मुलगी कुठे आहे?"

"जवळच आहे, गावात."

"आणि हा दुसरा फोटो कधीचा?"

"तीन महिन्यांपूर्वीचा."

"तीन महिने? हा फोटो घरच्यांनी बघितला ना? मग कोणी काही बोललं कसं नाही?"

मी खाली मान घालून सांगितलं, की घरी गेलेल्या फोटोत हा ठिपका नाही. मी तो काळा केला. डॉक्टर रागावले असते तर बरं झालं असतं. ते एवढंच म्हणाले, "आजच्या आज घेऊन या. मी थांबतो."

ओळखीच्या एकाची स्कूटर मागून घेतली आणि सुटलो. सुलभा खळ्यात कुळीथ पाखडत होती, वर्षा शेजारी मातीत खेळत होती.

"भाईनू? फोटो घरपोच? आज सूर्य खंयसून उगवलो?"

मी न बोलता चारही फोटो तिच्या पुढ्यात मांडले. तिनं पदराला हात पुसले, वाकून बघितलं आणि एकदम ओरडली, "ह्याच! ह्याच मी सांगी होतंय!"

मग ती बोलतच सुटली. "दिवो लावताना हिका मांडयेर घेतलंय काय, हिचो डावो डोळो मांजराचो चमकता तसो चमकता. ह्यांका सांगलंय, सासूक सांगलंय. सगळी म्हणाली, तुझा कायतरीच. मगे तुमचो फोटो इलो. हे म्हणाले, बघ, दोनय डोळे काळेभोर आसत, फोटो काय खोटा सांगतलो?"

"सुलभा," मी म्हटलं, "तो डोळो मी काळो केलंय. ब्रशान."

ती उठली, घरात गेली आणि भिंतीवरची फ्रेम काढून घेऊन आली. काचेवरून बोट फिरवून तिनं तो डोळा बघितला. मग माझ्याकडे बघून शांतपणे म्हणाली, "तीन म्हयने ह्या घरात माका येडी म्हणतत, भाईनू. तुमच्या फोटोमुळा."

माझ्या आयुष्यात मला पुष्कळ शिव्या बसल्या आहेत. गिऱ्हाइकाचा एक डोळा मिटलेला आला म्हणून, नवरीपेक्षा करवली उजळ दिसली म्हणून. ते कधी मनाला लावून घेतलं नाही. हे मात्र आत घुसलं. मी काहीतरी माफीचं बोलायला लागलो तर तिनं पोर उचलली आणि म्हणाली, "ता सगळा मगे. आधी चला."

वाटेत शाळेवर मास्तरांना निरोप दिला, ते मागाहून एसटीनं आले. डॉक्टरांनी वर्षाच्या डोळ्यांत थेंब घातले, बाहुली मोठी होऊ दिली आणि खिडकी बंद करून बारीक उजेडानं बराच वेळ बघितलं. मग आईबापांना बसवून सांगितलं. डोळ्याच्या आतल्या पडद्यावर गाठ आहे. रेटिनोब्लास्टोमा नावाचा लहान मुलांचा कर्करोग. फोटोत पांढरं चमकलं ते म्हणजे ही गाठ. मुंबईला जावं लागेल आणि हा डोळा काढावा लागेल. वेळेत काढला तर मुलगी वाचेल.

सुलभानं फक्त विचारलं, "उद्या जाव?"

दुसऱ्या दिवशी मास्तर एकटेच माझ्या स्टुडिओत येऊन बसले. चेहरा उतरलेला. "भाई, झील असतो तर गोष्ट येगळी होती. चेडवाचो डोळो काढून आणू? उद्या तिका कोण करतलो? दुसरा कायतरी औषध असात. चार दिस बघूया."

मला भडकायला झालं. पण भडकायचा हक्क माझ्याकडे उरला नव्हता. मुलीच्या तोंडावर साधा डाग दिसला तर लग्न जमणार नाही, ही भीती पुसून देण्यावरच माझं दुकान चालत होतं. मी कपाटातून निगेटिव्हचे तीन खोके काढले आणि त्यांच्यापुढे ठेवले.

"मास्तर, ह्यात आपल्या भागातल्या मुलींचे दाखवूचे फोटो आसत. देवीचे वण, कोड, तिरळे डोळे, भाजल्याचे डाग. सगळा मी पुसलंय. सगळ्यांची लग्ना झाली. आणि लग्न झाल्यार घोवान खरा तोंड बघूक नाय काय? रोज बघतत. एकय परत येवक नाय. एकय!" माझा आवाज चढला होता. "पण तुमच्या चेडवाचा लग्न होवक ती आधी जिती ऱ्हवाक होयी."

बाहेर दोन गिऱ्हाइकं ताटकळत होती, त्यांना मी हातानं थोपवलं. मास्तरांनी खोके माझ्याकडे परत सरकवले आणि विचारलं, "दुपारची मुंबै गाडी खंयसून सुटता?"

ते मुंबईला गेल्यावर मी अठरा दिवस एकाही फोटोला ब्रश लावला नाही. लोक म्हणाले, भाईचा हात दुखतो वाटतं. मी हो म्हटलं. मग मास्तरांचं अंतर्देशीय पत्र आलं. डोळा काढला. डोळ्यामागच्या शिरेत गाठ पोचलेली नाही. दुसरा डोळा स्वच्छ आहे. वर्षा दूध पिते आणि खेळते. मी ते पत्र घेऊन डार्करूममध्ये गेलो, दार लावलं आणि चक्क ओक्साबोक्शी रडलो. जीव भांड्यात पडतो म्हणजे काय होतं, ते मला त्या दिवशी कळलं.

तीन महिने आधी कळलं असतं तर डोळा वाचला असता का, हे मी डॉक्टरांना पुढे विचारलं. "कदाचित नाही," ते म्हणाले. मग म्हणाले, "कदाचित. पण ती आहे ना? बास झालं." तेवढं 'कदाचित' मी अजून बाळगून आहे.

गावात अर्थात ग्रहणापासून करणीपर्यंत सगळी कारणं सांगून झाली. मला खरं कारण हवं होतं, म्हणून दर गुरुवारी मी डॉक्टरांचं डोकं खायचो. त्यांनी परदेशी मासिकांत वाचून तेव्हा थोडं सांगितलं आणि पुढे जसजसा शोध लागला तसतसं आणखी सांगितलं. आपल्या प्रत्येक पेशीत एक प्रथिन असतं. त्याला आरबी म्हणतात, ते नावही या आजारावरूनच पडलं. त्याचं काम काही घडवायचं नाही, थोपवायचं. पेशीनं दुभंगून दोन व्हायचं तर त्यासाठी आतल्या काही जनुकांच्या नकला निघाव्या लागतात. हे प्रथिन त्या ठिकाणी ठाण मांडून बसतं आणि नकला निघू देत नाही. बाहेरून खरोखरचा निरोप आला, की आता वाढ हवी आहे, तरच ते बाजूला होतं. काम झालं की पुन्हा जागेवर.

"म्हणजे 'पुरे' म्हणणारा माणूस," मी म्हटलं.

"तोच. आणि तो नसेल तर?"

"तर मशीन छापतच सुटणार."

"त्यालाच गाठ म्हणतात," डॉक्टर म्हणाले.

हे प्रथिन कसं बनवायचं त्या कृतीच्या आपल्याकडे दोन प्रती असतात, एक आईकडून आलेली, एक बापाकडून. एका फोटोच्या दोन निगेटिव्ह असाव्यात तशा. एकीला बुरशी लागली तर दुसरीवरून काम भागतं. वर्षाच्या डोळ्यातल्या कुठल्याशा एका पेशीत दोन्ही खराब झाल्या. त्यात ना आईचा दोष, ना ग्रहणाचा. हे सगळं कळल्यावर मला हसूही आलं आणि शरमही वाटली. दाबून ठेवायचं काम ते प्रथिन करतं आणि मीही करत होतो. फरक एवढाच, की काय दाबायचं आणि निरोप आल्यावर कधी सोडायचं, हे त्याला कळतं. सुलभा निरोप घेऊन माझ्या दुकानात आली होती आणि मी तिला फ्रेम करायला सांगितलं होतं.

धंदा मी सोडला नाही. मस काढत राहिलो, कोट घालत राहिलो. पण लहान मुलाच्या डोळ्याला त्यानंतर ब्रश लावला नाही. फ्लॅशमध्ये एकाच डोळ्यात झाक दिसली तर आईबापांना फोटो तसाच दाखवायचो आणि गुरुवारी देवगडला पाठवायचो. बहुतेक वेळा काही नसायचं, मूल बाजूला बघत असायचं एवढंच. लोक म्हणायचे, भाई घाबरवतो. घाबरवतो तर घाबरवतो.

दशक संपत आलं तेव्हा सुलभाला मुलगा झाला. डॉक्टरांनी आधीच बजावलं होतं, की वर्षाच्या एकाच डोळ्यात गाठ होती, तेव्हा ती घराण्यातून आलेली नसण्याचीच शक्यता जास्त. पण खात्री देता येत नाही. धाकट्या भावंडाचे डोळे लगेच आणि पुढे काही वर्षं तपासत राहायचे. त्याप्रमाणे ती बाळाला मुंबईला घेऊन गेली. तिथल्या डॉक्टरांनी दोन्ही डोळे स्वच्छ असल्याचं सांगितलं.

मुंबईहून परतल्यावर दुसऱ्याच दिवशी ती माझ्या स्टुडिओत हजर. काखेत बाळ, बोटाला वर्षा. वर्षाला काचेचा डोळा बसवला होता, दोन वेण्या घातल्या होत्या आणि तोंडाचा पट्टा चालू होता. सुलभा मात्र वाळली होती. डोळ्यांखाली काळी वर्तुळं.

"भाईनू, ह्याचो फोटो काढा. काळोखात, फ्लॅश मारून. तसोच."

"अगो, एवढ्या मोठ्या डाक्टरांनी बघल्यानी ना? माझ्या फोटोत काय जास्त दिसतला?"

"बघल्यानी. सांगल्यानी, बरो आसा. माका पटलासुद्धा." ती बाकावर टेकली. "पण डोळे मिटलंय काय तुमचो तो जुनो फोटो दिसता. बाळ पोटात असल्यापासून धड झोप नाय. तुमच्या फोटोन माका फसवलान. आता तुमच्याच फोटोन सांगूक होया."

मी दुकानाचे पडदे ओढले, बाळाच्या बाहुल्या मोठ्या व्हायला थोडा वेळ जाऊ दिला आणि फ्लॅश भिंगाला लावून सहा फोटो काढले. फिल्म धुऊन वाळेपर्यंत ती बाकावर ताठ बसून होती. छापायच्या वेळी मी आत निघालो तर ती उठली. "मी पण येतंय आत." डार्करूममध्ये मी कोणाला घेत नाही. तिला घेतलं.

लाल दिव्याखाली कागद औषधात सोडला. आधी जावळ दिसायला लागलं, मग टोपड्याची नाडी, मग कपाळ. सुलभानं माझं मनगट धरून ठेवलं होतं, मी चोरून काही करीन म्हणून की काळोखात आधार म्हणून, कोण जाणे. मग डोळे उमटले. दोन्ही बाहुल्यांत फ्लॅशची तीच नेहमीची फिकट राखाडी झाक. दोन्हींत सारखी, कणभरही फरक नाही.

तिनं ट्रेवर वाकून एकावर बोट धरलं, मग दुसऱ्यावर. "ह्यो आणि ह्यो. सारखे?"

"सारखे."

"ब्रश?"

"ब्रश थय कपाटात आसा. हात लावूक नाय."

पाचही फोटो तिनं असेच एकेक करून बघितले, सहाव्यात बाळानं डोळे मिटले होते. बाहेर आल्यावर तिनं ओला फोटो हातात धरला, बाळ माझ्याकडे दिलं, "जरा धरा" म्हणाली आणि बाकावर बसली. मी वर्षाला गप्प करून मागे वळलो तर ही भिंतीला डोकं टेकून झोपलेली. तोंड किंचित उघडं, फोटोचं पाणी साडीवर टपटपतंय, आणि घोरतेय चक्क!

तेवढ्यात दारात एक तरुण आला. "भाईनू, ओरोसाक अर्ज करूचो आसा. फोटो आताच्या आता होयो. आज शेवटची तारीख!"

"आवाज करू नको," मी दबक्या आवाजात दटावलं. "बस थय."

त्यानं सुलभाकडे बघितलं, माझ्या हातातल्या बाळाकडे बघितलं आणि काही न विचारता चप्पल काढून स्टुलावर बसला. वर्षा ओठांवर बोट ठेवून त्याच्यावर पहारा करायला उभी राहिली. मी बाळाला थोपटत राहिलो. सुलभा दीड तास झोपली.